तिसऱ्या अंकातला हात

सेंत-एतियेनच्या वाचनालयात, तळघरात,
मंगळवारी दुपारी पडदा लावतात.
आज ऑपेरा. शंभर वर्षं कुणी गायला नव्हता,
मग एका हिवाळ्यात इथेच चार रात्री झाला.
शेवटच्या रात्री कॅमेरे आले होते.

प्रेक्षक सहा. एक घोरतोय.
ओदेत वाशेरो कोट न काढता बसलीय.

जहाज बुडतं, कोरस आक्रोश करतो,
पुठ्ठ्याचा समुद्र जरा उशिरानेच हलतो.
ओदेतला कथेचं सोयरसुतक नाही.
तिला हवा तिसरा अंक,
जिथे राणी ओळ विसरते
(क्षणभरच, व्हायोलिनं सांभाळून घेतात)
आणि चौकटीच्या अगदी तळाशी
झाकणीआडून एक हात वर येतो.

करंगळी वाकडी.
बाहीचं बटण निळ्या दोऱ्याने लावलेलं,
पांढरा संपला होता त्या दिवशी.

तीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडी शब्द घातले त्याने.
घरी मीठ हवं असलं तरी
नुसती हनुवटी हलवायचा.

हात खाली जातो. राणीला ओळ सापडते.
टाळ्या, त्या रात्रीच्या.

ओदेत पिशवी उचलते,
घोरणाऱ्याचे पाय ओलांडते.
चौथा अंक बाकी आहे अजून,
पण त्यात राणीला सगळं पाठ आहे.