गुडघ्यापासून खाली

गाण्यात ती दुधाच्या टबात उतरते
तेव्हा पहिले अकरा सेकंद
ती म्हणजे मी.
गुडघ्यापासून खाली.

बुखारेस्टच्या कडेची बंद पडलेली सूतगिरणी.
फेब्रुवारी. छताच्या फुटक्या काचांतून
बर्फ भुरभुरत होता, तोही त्यांना आवडला.
"राहू दे, फुकटचा आहे," लिव्हिउ म्हणाला.
लिव्हिउ दिग्दर्शक, वय सव्वीस,
खिशात कायम सूर्यफुलाच्या बिया.
मला सगळं नीट समजावलं त्यानं, गरज नसताना:
दूध म्हणजे निरागसपण,
डाळिंब म्हणजे मोह,
पिंजरा म्हणजे समाज, पण दार उघडं ठेवायचं,
कारण ती आपणहून आत बसलीय.
आणि पाय? मी विचारलं.
तो थोडा वेळ बिया फोडत राहिला.
"पाय म्हणजे पाय."

दूध वासरांचं होतं.
म्हणजे वासरांना पाजायची पावडर, नऊ पोती,
पोत्यावर गळ्यात घंटा बांधलेलं हसरं वासरू.
मी वासावरूनच ओळखलं.
मारामुरेशला आई हेच बादलीत कालवायची
आणि स्वतःची दोन बोटं बुडवून
वासराच्या तोंडात द्यायची,
त्याला गाय वाटावी म्हणून.
वाटायचीही.

सतरा वेळा उतरले.
दहाव्या खेपेनंतर बोटं माझी राहिली नाहीत.
मेकअपवाली व्हिओरिका टॉवेलात माझे पाय गुंडाळून
आपल्या पोटाशी घट्ट धरायची
आणि फोनवर नवऱ्याशी भांडायची,
गॅसच्या बिलावरून.

चार वाजता ती आली, जिच्या नावावर हे पाय आहेत.
लहान आहे हो. नाक लाल, सर्दीनं बेजार.
तिच्यासाठी दूध कोमट केलं, अंश मोजून.
"फार गार होतं का?" तिनं विचारलं.
नाही, म्हटलं.
मधल्या सुट्टीत ती पिंजऱ्यातच बसून राहिली,
सँडविचमधला कांदा निवडून कागदावर ठेवत.
दार तिनं आतून ओढून घेतलं होतं.
"असं केलं की कुणी काही विचारायला येत नाही,"
ती मला म्हणाली, आणि शिंकली.

रात्री टब उपसला मागच्या अंगणात.
भटकी कुत्री जमली.
एक काळी, आचळं लोंबलेली,
पांढऱ्या बर्फावरचं पांढरं
किती वेळ चाटत होती.
मला तीनशे लेई मिळाले
आणि सही करायला एक कागद:
हे पाय माझे, असं मी कुठं म्हणणार नाही.

आता मे. चार कोटी वेळा पाहून झालंय म्हणतात.
परवा ट्राममध्ये दोन कॉलेजच्या मुली हमरीतुमरीवर आल्या:
दूध म्हणजे आईपण, एकीचं म्हणणं.
दुसरी म्हणे, छे, कफन.
आणि ती पाय टाकते ते राणीसारखी की शरण गेल्यासारखी,
यावर तर त्यांचा स्टॉप हुकला.
मी त्यांच्या मागे उभी होते.
बुटांत.

घोट्यावरची विळ्याची खूण त्यांनी पुसून टाकलीय.
नखं कुणा दुसरीचीच वाटतात.
तरी काल रात्री इलिंकानं नेमकं तिथं थांबवलं.
अकरा वर्षांची पोर. मी तिला चकार शब्द सांगितला नव्हता.
"हे तुझे आहेत."
कशावरून?
"गार पडले की डावा पाय उजव्यावर घासतेस.
बसची वाट बघताना घासतेस ना, तसा."

मी वाकून पाहिलं.
आहे खरं. सेकंदभरही नाही,
पोटरीवरून पांढरं ओघळतंय
आणि डावा पाय उजव्या पायाशी
काहीतरी कुजबुजल्यासारखा
चटकन जाऊन येतो.
लिव्हिउच्या नजरेतून निसटला असणार.

तिनं पुन्हा लावलं नाही.
उठून कपाट उचकलं,
लोकरीचे मोजे आणले, एक हिरवा, एक करडा,
आणि म्हणाली,
सरक तिकडे.