टाच

फेरारातल्या बंद पडलेल्या साखर कारखान्यात
बूट काढून आत सोडतात.
तिकीट चौदा युरो, साठीनंतर अकरा.
काळोखात गाद्या, गाद्यांवर पाय ताणून माणसं,
आणि भिंतींवरून, छतावरून, माणसांवरून
पाचशे वर्षांपूर्वीचे देवदूत वाहतायत.

शेजारच्या इलारियाचा मुलगा माझ्यासोबत.
त्याच्या पोटावर एक लिली उमलली,
तो ती झटकत बसला, मुंगी झटकावी तशी.

हे आपल्याला आवडणार नाही, असं ठरवूनच मी आले होते.
एकतीस वर्षं चित्रं पुसली मी.
काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा,
मेणबत्त्यांची काजळी
नखाएवढी, नखाएवढी उतरवायची.
थुंकीसारखं औषध नाही, हे आमच्यात सगळ्यांना ठाऊक.
पाहुण्यांना सांगत नसू.

संगीत फार होतं. आणि पंख हलवत होते त्यांचे,
जे चित्रकाराने मुद्दाम मिटून ठेवलेले.

मग ती टाच आली.
उजवीकडच्या देवदूताची, माझ्या तळहातात मावायची ती,
दोन मजले उंच.
भेगा ओढ्यांएवढ्या. खालच्या कडेला,
जिथला रंग गळून गेला होता, तिथे
माझ्या रेघा.
केसासारख्या, उभ्या, एकीला एक लगटून;
लांबून दिसायच्या नाहीत, जवळून लपायच्या नाहीत,
असंच शिकवलं होतं आम्हाला.
डावीकडून सातवी वाकडी.

सत्त्याऐंशीचा मार्च. माझे हात गुंतलेले म्हणून
तुल्लियोने रिसीव्हर माझ्या कानाशी धरला.
इस्पितळातली बाई दोनच वाक्यं बोलली.
ब्रश टेकलेलाच होता.
नंतर पुसता आली असती ती रेघ.
नाही पुसली.

आता सगळं गाव तिच्याखाली आडवं पडलेलं.
कुणी वर पाहतंय, कुणी फोनमध्ये.
नऊ सेकंद. मग समुद्र आला.

"कुठली? तुझी कुठली?" पोरगं विचारत राहिलं.
पस्तीस मिनिटांनी परत येईल, दारावरचा मुलगा म्हणाला.
बसून राहिलो आम्ही.
तो तिथेच झोपला, पाय माझ्या मांडीवर टाकून.
मोज्याला भोक, भोकातून टाच,
टाचेवर कारखान्याची धूळ.
भिंतीवरची नजर न काढता
मी अंगठा जिभेला लावला.