नाकतोड्याचा दाखला

रंगनाथदादा मोहाडीहून आला,
पिशवीत चार किलो थॉमसन
आणि लोणच्याची जुनी बरणी, झाकणाला खिळ्यानं पाडलेली भोकं.
आत तीसेक नाकतोडे,
एकमेकांच्या पाठीवर पाय देऊन उभे.
"तुझ्या त्या पालीला. बागेतलेच आहेत.
विकतचे किडे कुणी आणतं का गं?"

पाल माझी नाही, प्रणीलची.
तो कोइम्बतूरला शिकायला गेला,
हॉस्टेलात पाल चालत नाही म्हणून
काचेची पेटी, तिच्याखालचा हीटर
आणि हातानं लिहिलेलं एक पान
सिडकोतल्या या दोन खोल्यांत ठेवून गेला.
पिवळी, काळ्या ठिपक्यांची. नाव खडी.
हिला पापण्या आहेत, झोपताना मिटते.
भिंतीवरचीसारखी चुकचुकत नाही;
चुकचुकते ती माझ्या मनातली.

पानावर लिहिलंय:
किडा तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको.
उरलेले रातकिडे पेटीत ठेवून झोपू नकोस,
ते तिलाच कुरतडतात.
आधी त्यांना दिवसभर गाजर घाल, मग कॅल्शियमची पूड.
काजवा कधीच नाही.
बाहेरचं काही नको, आई. तुला तर माहीतच आहे.

मला तर माहीतच आहे.
एकोणीस वर्षं अंबडच्या लॅबमध्ये
मी द्राक्षांचा लगदा करते, गाळते, यंत्राला पाजते,
यंत्र कागदावर डोंगर काढतं,
एकेक शिखर म्हणजे एकेक औषध.
(विषाला आमच्याकडं औषधच म्हणतात.)
दशांशानंतरचं एक शून्य इकडचं तिकडं झालं
की कंटेनर बंदरातच उभा.
रॉटरडॅमच्या कुणा बाईच्या बशीत काय पडतंय
याची काळजी मी पगारावर करते.

दादाला विचारलं, शेवटचं औषध कधी मारलंस?
"घडावर? महिना होत आला. तुमच्याच लॅबनं पास केला की प्लॉट."
आणि बांधावर?
"बांधावर तणनाशक. सोमवारी.
पण बांध कोण खातं?"

मग आम्ही दोघंही बरणीकडं बघत बसलो.
एक नाकतोडा मागचा पाय सारखा झटकत होता.
एरवीही झटकत असेल.
मला नाकतोड्यांचं काय कळतं.

दादा चहा अर्धा ठेवून उठला.
"माझ्या हातचं आता पालीलाही चालत नाही."

बरणी घेऊन मी सोसायटीच्या बागेत गेले.
माळी म्हणाला, इथं नका सोडू मॅडम,
आज गुरुवार, फवारायचंय.
परत वर आणली.

आता गॅलरीत अंड्यांच्या ट्रेमध्ये मीच रातकिडे वाढवते.
गाजर सोलून, कोबीची वरची चार पानं फेकून.
रात्री ते असे ओरडतात
की खालच्या अहिरराव काकूंना गावाकडचं आठवतं,
आणि सकाळी त्या तक्रार करतात.

फाल्गुनात भाचा आला, हातात तीच बरणी.
झाकणाला रबरानं बांधलेला कागद,
फवारणीच्या वहीतला, रकाने आखलेला:
ठिकाण: विहिरीमागचं पडीक.
औषध: काही नाही.
दिवस: एक्केचाळीस.
खाली सही, रंगनाथ भिकाजी,
पूर्ण, बँकेत करतो तशी.

आमच्या लॅबमध्ये नाकतोड्याला रकाना नाही.
असता तरी तीस नगांत नमुना भरला नसता.

सगळ्यात लहान होता तो चिमट्यात धरला.
खडी दगडाआडून आली, मान तिरकी,
शेपटीचं टोक थरथरत होतं.
कागद दुसऱ्या हातात होता.
पुन्हा वाचला.

रॉटरडॅमची ती बाईही
नळाखाली घड धरून
क्षणभर थांबत असेल.
नाकतोडा धुता येत नाही.