तळघर, अ‍ॅक्रन, ओहायो

रबराचा वास पडद्यांत, पावात, कॉर्डेलियाच्या केसांत.
कारखान्याला कुलूप लागून आठ महिने झाले,
वास काही निघत नाही.

खाली, वॉशिंग मशीनला खेटून,
व्हर्ननं हप्त्यावर आणलेला सिंथेसायझर:
एक कळ मुकी, एक दाबली की सुटतच नाही.
मग गाणंच त्या न सुटणाऱ्या सुरावर बांधलं.
बारीक टाय, भावाच्या लग्नातला.
मान यंत्रासारखी झटकायची, हसायचं नाही,
असं ठरलेलं. हसू यायचंच.

गिटारला रडू द्यायचं नाही, कॉर्डेलिया म्हणाली,
रडणारी गिटार थोरल्या भावांची.
आपली कोरडी, शिवणयंत्राच्या टाक्यांसारखी.

एकदा बाबा जिन्यात येऊन उभे,
हातात जेवणाचा रिकामा डबा, सवयीनं.
आम्ही थांबलो. ती कळ तेवढी वाजत राहिली.
आता ओरडणार.

"हा ठोका चार नंबरच्या प्रेसचा," ते म्हणाले,
"फक्त तुमचा घाईत आहे.
तिला घाई केली की ती बोटं घ्यायची."

आणि वर निघून गेले.

लायलनं काड्या उचलल्या,
ठोका केसभर मागे घेतला.
डोक्यावरच्या फळीवर एक बूट
तो धरून होता.