सात मिनिटं

उद्यमनगरात पॅटर्नवाल्याच्या गाळ्यावरचा मजला,
मंडपवाल्याच्या लाल खुर्च्या,
माझ्या खुर्चीच्या फटीत कुणाच्या तरी लग्नातली अक्षता.
तिकीट शंभर, त्यात चहा.
भाचीनं सांगितलं होतं, गाणं नाही, नाटक नाही,
माणसं उठतात आणि आपलं सांगतात. खरं.
सात मिनिटं झाली की शाळेची घंटा.

मी म्हटलं, एवढं तर आमच्या नळावर फुकट मिळतं.

पहिला रिक्षावाला, दिलावर मुल्लाणी.
मागच्या सीटवर कुणीतरी विसरलेला पोपट
तीन वर्षं त्याच्या घरात
कुठल्यातरी परक्या बाईला हाका मारत राहिला.
मग नेसरीकडची नर्सिंगची पोरगी:
"पहिल्या मयताला हात लावला तवा घाबरलो न्हाई.
घरी आलो, अंघोळ केलो, मग घाबरलो."
पुण्याहून आलेला एक जण त्या 'केलो'ला हसला,
आजूबाजूला बघून गप्प झाला.

मग सूत्रधार पोरीनं पेटीतली चिठ्ठी उलगडली,
"आनंदराव कुईगडे."
आणि माझ्या शेजारची खुर्ची रिकामी झाली.

मला न सांगता टाकलेली चिठ्ठी.
तीस वर्षांत कुणाच्या बारशालाही
दोन शब्द न बोललेला माणूस.
माइक धरला तो दोन्ही हातांनी,
ओतणीचं लाडल धरावं तसा, अंगापासून लांब.

म्हणाले, फाउंड्री बंद पडली, घरात सांगितलं नाही.
रोज सातला डबा घेऊन निघायचो,
स्टँडवर जाऊन बसायचो.
तिथं बसलेल्याला कुणी विचारत नाही, का बसलाय.
गारगोटी, आजरा, गगनबावडा,
सगळ्या गाड्या पाठ झाल्या.
लोक विचारायला लागले, मी सांगायला लागलो.
एका म्हातारीनं तर दमच दिला,
"मास्तर, कालची मुक्कामाची गाडी का सोडली न्हाईसा?"
मी माफी मागितली.

सगळा मजला हसला.
मीही हसले, सगळे हसतात तेवढंच.

"सात महिने," ते म्हणाले.
"फंड मोडून मोडून पगार घरी दिला.
हिला कायबी कळलं नाही.
बिचारी, वेळ जात नाही म्हणून
तेव्हाच कुठं साड्यांना फॉल लावायला लागलेली."

घंटा. टाळ्या.
पुढच्या रांगेतली एक बाई डोळे पुसत
माझ्याकडे वळून बघत होती.

मी ती अक्षता नखानं काढत बसले.

कारखान्यातनं यायचा तेव्हा डबा
झाकणावर काळ्या वाळूचा अंगठा घेऊन यायचा.
राखेनं घासला तरी कडेला राहायचा.
मग एका सोमवारी डबा धुऊन आला.
मंगळवारी पण.
बुधवारी मी कोपऱ्यावरच्या शिलाईवालीकडनं
पंधरा साड्या आणल्या,
आणि डब्यात एक भाकरी जास्त घातली.
का, ते अजून मला सांगता येणार नाही.
तीही संपून यायची.

"एक जागा शिल्लक आहे," सूत्रधार पोरगी म्हणाली, "कुणी?"
कागद होता, पेन होतं.
मी नाव लिहिलं, आडनाव लिहीपर्यंत
मागनं कॉलेजचा एक पोरगा उठला,
पहिल्या प्रेमाचं सांगायला.
छान सांगितलं त्यानं. थोडं लांबलं.

परतताना चौकात सिग्नलला स्कूटर थांबली.
मान न वळवता विचारलं,
"कसं झालं?"
"चांगलं झालं," मी म्हटलं.
"महिने तेवढे चुकलासा.
सात न्हवं. नऊ."

सिग्नल हिरवा झाला.
मागनं केएमटीनं हॉर्न दिला, परत दिला.
हे तसेच,
दोन्ही पाय रस्त्याला टेकून.