कोट ठेवणारी

रीगातल्या एका जुन्या नाट्यगृहात
जिन्याखाली माझी खिडकी आहे
आणि तीनशे बारा खुंट्या.
एकेचाळीस हिवाळे मी लोकांचे कोट ठेवते.
नावं ठेवत नाही कुणाला.
आता तर ठेवायची म्हटली
तरी राहत नाहीत.

आमच्याकडे प्रत्येक नावाला
वर्षातला एक दिवस असतो, कॅलेंडरात छापलेला.
सकाळी चहा ओतताना मी आजची नावं
मोठ्यानं वाचते,
न जाणो, संध्याकाळी एखादं लागलं तर.
बुटांच्या तळव्यांना चिकटून आलेल्या बर्फासारखी
ती दारातच पाणी होतात.

चेहऱ्यांचंही तेच. तरुण मुली तर
सगळ्या एकाच घरातल्या वाटतात.

कोट मात्र चुकत नाही.
बाहीत कोंबलेला मफलर,
कॉलरवर कुत्र्याचे केस,
हा उसना आणलेला, हा नव्या नोकरीचा,
याचा तुटका बंद मीच दोनदा शिवला.
एक जोडपं नेहमी एकच बिल्ला घ्यायचं.
नोव्हेंबरात त्यांनी दोन मागितले.
दिले. एकमेकांपासून
लांबच्या खुंट्यांचे.

नवी होते तेव्हा सगळी नावं पाठ होती
आणि कळत काहीच नव्हतं.
भरल्या रांगेत एका बाईला विचारलं होतं,
'आज एकट्याच? मिस्टर कुठे राहिले?'
माल्विने ओझोला.
हे एक नाव
अजून जात नाही.
ती पुन्हा आली नाही.

परवा शुक्रवारी एक उंच म्हातारा आला.
नाव? नाही. चेहरा?
कपाळापर्यंत येऊन परत गेला.
पण त्यानं कोट पुढं केला
आणि माझा हात मला न विचारता
अठ्ठ्याऐंशी नंबरच्या जोड-खुंटीकडे गेला.
तिथं याच्या शेजारी एक हिरवा असायचा,
बटणं बदललेला, कापराच्या वासाचा.
हात हवेत तसाच राहिला थोडा वेळ.
मग त्याचा कोट डावीकडे लावला.
उजवीकडे त्या रात्री
काही टांगलं नाही, गर्दी होती तरी.

'मध्यंतरानंतर हसायला जास्त आहे,'
एवढंच म्हटलं बिल्ला देताना.
थांबावा म्हणून.

थांबला.
खेळ सुटल्यावर बाही सापडेना त्याला,
मागं चाचपडत राहिला.
मी खिडकीबाहेर आले. असं मी
कुणासाठी येत नाही.
कोट धरला. खांदे नीट बसवले.
त्यानं वळून पाहिलं, ओळखीचं हसला.
'आभारी आहे, वेल्टा.'

वेल्टा शेजारच्या खिडकीत असायची.
तिला जाऊन नऊ वर्षं झाली.

'सावकाश जा, बाहेर निसरडं आहे,'
वेल्टा म्हणाली.