कार्यवृत्त

अठरा वर्षं मी या बेटाच्या सभागृहात
बोललं गेलेलं सगळं टिपते आहे.
पंधरा खुर्च्या, एक पंखा,
आणि दुपारी दोनला धक्क्यावरून येणारा बोटीचा भोंगा,
जो मी कधीच लिहिला नाही.

व्हर्नेटा पास्कल पलीकडे एकटीच बसायची.
चौदांसमोर एक.
चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली, कागद बिस्किटांच्या डब्यात.
आन्स-नोआरच्या पुलाला सिमेंट नेमकं किती लागलं,
हे तिनं अकरा वेळा विचारलं.
मंत्री टुसाँ म्हणायचे,
बाईंना पुलावरून जायचं नाही, पुलाखाली राहायचंय.
मी कंसात लिहायचे : हशा.
आणि मनात : बाई, आवरा आता,
माझा पोरगा शाळेच्या फाटकात उभा असेल.

मग तीही पडली. एकशे बारा मतांनी.
आता पंधराच्या पंधरा टाय एकाच रंगाचे.
एका बाजूला सगळे मावत नाहीत,
म्हणून चौघं तिच्या बाकावर बसतात
आणि समोर बघून मान डोलावतात,
आरशात बघून भांग पाडावा तसे.

माझं काम हलकं झालं, खोटं कशाला बोलू.
पूर्वी गटाराच्या ठरावालाही चाळीस पानं जायची,
यंदा अख्खा अर्थसंकल्प नऊ पानांत.

अडचण एकच.
सभापती अजून विचारतात,
'विरुद्ध असतील त्यांनी नाही म्हणावं.'
आणि थांबतात. नियमच आहे, थांबावं लागतं.
पंखा करकरतो.
कुणी नुसता घसा खाकरला तरी
चौदा माना गर्रकन वळतात.
हे मी कुठल्या रकान्यात लिहू?

ऑक्टोबरात नदी चढली. पूल गेला.
केळ्यांचा एक ट्रक गेला. ड्रायव्हर फांदीला धरून वाचला.
तिसऱ्या दिवशी टुसाँ तळघरातल्या दफ्तरात आले,
चिखलाचे बूट, हातात टोपी.
म्हणाले, ती काय विचारायची, ते जरा काढून द्या.
सगळं?
सगळं.
उभ्यानंच वाचत राहिले.
'हशा' आला तिथे त्यांचं बोट अडलं,
मग पुढच्या 'हशा'वर,
मग त्याच्या पुढच्या.

काल मदतनिधीचा ठराव होता.
'विरुद्ध असतील त्यांनी...'
सभापती थांबले. टुसाँनी तिच्या बाकाकडे पाहिलं.
आणि दोन वाजले.

मी लिहिलं : बोटीचा भोंगा.
कुणाच्या बाजूनं, ते नाही लिहिलं.